रात्री इलेक्ट्रिशियन बोलावला तर किती पैसे होतात तुमच्याकडे?

सिंहगडरोडी :
मंडळी, रविवारी रात्री साडेदहाला आमच्या घरातली लाईट गेली. बिल्डिंगमध्ये सगळीकडे होती, फक्त आमचीच नव्हती. डीबीमधलं (घरातल्या बटणांच्या डब्यातलं) मेनचं बटण वर केलं की थोडा वेळ टिकायचं आणि परत खाली, वर तिथून जळका वास. नेहमीचा इलेक्ट्रिशियन गावाला गेलेला, मग वॉचमनने कुणाचा तरी नंबर दिला. माणूस अर्ध्या तासात आला, वीसेक मिनिटांत काम केलं आणि १८५० रुपये घेतले. व्हिजिट ७००, मजुरी ५००, नवीन ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (तेच मेनचं बटण) ६५०. काम चोख, बोलायला सभ्य, तशी तक्रार काही नाही. पण बायको म्हणते सरळसरळ लुटलं, सासरे म्हणतात एवढ्यात आम्ही अख्ख्या घराचं वायरिंग केलं होतं (१९८६ साली केलं असेल), आणि मी म्हणतो त्या वेळेला आला हेच खूप. तुमच्या गावात रात्रीचा रेट काय आहे? आणि व्हिजिटचे वेगळे, मजुरीचे वेगळे हे बरोबर आहे का?

भजीपाव :
१८५०??? आमच्या साताऱ्यात एवढ्यात तो पंखा पण बसवून देईल आणि जेवून पण जाईल.

निशाचर_ठाणे :
ठाण्यात रात्री दहानंतर ५०० ते ८०० नुसते यायचे, काम वेगळं. त्यामुळे तुमचा आकडा मला तरी नॉर्मल वाटतोय. ऍपवरून बोलावलात तर दिवसा व्हिजिट स्वस्त पडते आणि काम केलं तर ती बिलात वळती पण करतात, पण रात्री साडेदहाला स्लॉट उद्या सकाळी नऊचाच दिसतो.

मंजिरी_क :
सिंहगडरोडी, एमसीबी बदलायची गरज होती का पण? माझ्या दिराने सांगितलं की बऱ्याचदा नुसता स्क्रू ढिला असतो, तो आवळला की झालं. ६५० चा पार्ट उगाच गळ्यात मारला असणार.

सिंहगडरोडी :
मंजिरीताई, मी शेजारी मोबाईलचा टॉर्च धरून उभा होतो. स्क्रू ढिला होताच. पण वायर बाहेर काढली तेव्हा तिचं टोक पार काळं पडलं होतं, वरचं प्लास्टिक बोटाने दाबलं तर पापडासारखं तुटलं. एमसीबीची ती बाजू पण वितळून पिवळट झाली होती. त्याने वायर दोन बोटं मागे कापली, आतलं लख्ख तांबं दिसेपर्यंत सोलली आणि मग नवीनमध्ये घातली.

वायरमन_बाळू :
मी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. आयटीआय केलं, वायरमनचा परवाना आहे, पिंपरी-चिंचवड भागात कामं करतो.

त्यांचा एमसीबी बदलला ते बरोबरच केलं. स्क्रू ढिला राहिला की तिथे ठिणग्या पडतात, गरम होतं. एमसीबीच्या आत एक पट्टी असते, जास्त करंट गेला की ती तापून वाकते आणि बटण पाडते. आता तुमचा लोड काहीच नाही, पण बाहेरून स्क्रूच तापला तरी पट्टी तापतेच, म्हणून थोडा वेळ टिकून पडत होतं. शॉर्ट असता तर बटण वर टिकलंच नसतं, फट्कन खाली. आणि एकदा तो क्लॅम्प तापून गेला की पुन्हा कितीही आवळा, पकड राहत नाही. नुसता आवळून २०० रुपये घेऊन गेला असता तर तुम्ही खूश झाला असता, पण महिन्याभरात परत तोच वास आला असता.

आता पैशाचं. रात्री फोन आला की मी जेवणावरून उठतो, गाडी काढतो, हेल्परला उठवत नाही तो भाग वेगळा. सोबत दोन-तीन साइजचे एमसीबी, एक आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईट तोडणारा), चार स्क्वेअरची वायर, क्लॅम्प मीटर हे सगळं डिकीत पडून असतं, त्यात माझे पैसे अडकलेत. दहा कॉलमध्ये तीन-चार कॉल असे की तिथे जाऊन कळतं इन्व्हर्टरचंच बटण बंद आहे, नाहीतर प्रीपेड मीटरचा बॅलन्स संपलाय. मग म्हणतात तुम्ही काही केलंच नाही, पैसे कसले. आणि पार्टचा भाव ऑनलाइन काढून दाखवतात. अहो तो ऑनलाइनवाला रात्री अकराला तुमच्या दारात येतो का एमसीबी घेऊन?

७०० व्हिजिट मी पण घेतो अकराच्या आत. बारानंतर हजार.

भजीपाव :
बाळूभाऊ एकदम फॉर्मात 😄

प्रा_कटकटे :
वायरमन_बाळू यांचं सगळं पटलं, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. भाव आधी सांगत नाहीत. "या हो, बघू, तुमच्याकडून काय जास्त घेणार" असं म्हणायचं आणि काम झालं की छताकडे बघत आकडा टाकायचा. रिक्षाला मीटर आहे, यांना काय आहे? आणि पावती मागितली की तोंड वाकडं. जीएसटी चुकवतात सगळे.

हिशेबनीस :
कटकटे सर, जीएसटीचं तेवढं दुरुस्त करतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच बंधनकारक नाही. एकटा काम करणारा इलेक्ट्रिशियन बहुतेक त्याच्या आतच असतो, त्यामुळे त्याने जीएसटी लावला नाही तर तो चोर ठरत नाही. उलट नोंदणी नसताना १८ टक्के लावून बिल देत असेल तर विचारा. साधी पावती मात्र मागायलाच हवी, पार्टचं नाव, अँपिअर आणि तारीख लिहून घ्या. एमसीबीच्या वॉरंटीला ती लागते.

प्रा_कटकटे :
बरं, चोर शब्द मी वापरला नव्हता. पण मुद्दा मान्य.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक :
पैसे वाचवायचे असतील तर आधी हे बघा की काम इलेक्ट्रिशियनचं आहे की वीज कंपनीचं. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात संध्याकाळी अचानक पंखे हेलिकॉप्टरसारखे फिरायला लागले, ट्यूब डोळे दिपतील इतकी, आणि शेजारच्यांकडे उलट दिवे मिणमिणते. मी घाबरून इलेक्ट्रिशियनला फोन केला, तो म्हणाला साहेब आधी मेन पाडा, मग बोला. खाली येणारा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला होता. थ्री फेजवरून सगळ्या फ्लॅटना वेगवेगळे फेज वाटलेले असतात, मधला न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी कुणाकडे साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत जातं आणि कुणाकडे शंभर. आमचा टीव्ही आणि वायफायचा डबा गेला, वरच्यांचा फ्रिज गेला. हे कुठल्याही इलेक्ट्रिशियनच्या हातातलं नाही, १९१२ ला तक्रार करायची. मीटरपर्यंतचं काम कंपनीचं आणि त्याचे लाईनमनला पैसे द्यायचे नसतात.

इलेक्ट्रिशियनने फोनवरच सांगितलं त्यामुळे व्हिजिट वाचली. दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून ३०० दिले, नको नको म्हणत घेतले.

अलका_वहिनी :
आमच्याकडे लाईनमनला चहा आणि "काहीतरी" दिल्याशिवाय शिडी लागत नाही, कागदावर काहीही असो.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक :
वहिनी, ते "काहीतरी" द्यायचं नाही म्हणूनच तक्रार क्रमांक घ्यायचा. विद्युत नियामक आयोगाने किती तासांत लाईट परत यायला हवी याच्या मर्यादा ठरवून दिल्यात, उशीर झाला तर भरपाईची पण तरतूद आहे. तक्रार नोंदवलीच नाही तर उशीर मोजणार कुठून.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
मीटरच्या अलीकडे कंपनी आणि पलीकडे आपण हे बरोबर, पण फ्लॅटवाल्यांनो मधला तुकडा विसरू नका. खाली मीटर रूम आणि चौथ्या मजल्यावर तुमचा डीबी, मधली केबल कुणाची? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात "फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतची वीजवाहिनी" येते. म्हणजे डक्टमधली केबल जळाली तर खर्च सोसायटीचा. मेन स्विच आणि त्याच्या आत सगळं तुमचं. सिंहगडरोडींचं काम डीबीत झालं त्यामुळे त्यांच्या खिशातूनच जाणार, सॉरी.

हे मी इथे लिहिलंय ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करू नका ही विनंती. मागच्या सभेत याच्यावरून दीड तास गेलाय, चहा गार झाला आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय राहून गेला.

भजीपाव :
फॉरवर्ड केलं.

तिसरा_मजला :
सेक्रेटरीसाहेब, धन्यवाद! आमच्या डक्टमधल्या केबलचे साडेचार हजार मी स्वतः भरलेत, कमिटी म्हणाली तुमची लाईन तुमचं बघा. आता उपविधींची प्रत काढतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
अरे देवा. बरं, अर्ज लेखी द्या आणि पावती जोडा, तोंडी वादाला कुठलीच कमिटी पैसे देत नाही.

ब्रिस्बेनची_बेबी :
तुम्ही लोक नशीबवान आहात. इकडे घरातला साधा सॉकेट बदलायचा तरी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच लागतो, स्वतः केलं तर बेकायदेशीर. मागे शनिवारी रात्री ओव्हनची लाईन ट्रिप होत होती, नुसता यायचा चार्ज २२० डॉलर आणि पुढे दर अर्ध्या तासाचे वेगळे. रुपयात करू नका, पोटात गोळा येतो. पण एक आहे, फोनवरच रेट सांगतात, मेसेज येतो, आणि काम झाल्यावर टेस्ट करून कागद देतात.

जर्सीकर :
+१. न्यू जर्सीत मी वीकेंडला ३०० डॉलर दिलेत एका ब्रेकरसाठी. तेव्हापासून यूट्यूब बघून स्वतः करतो.

वायरमन_बाळू :
जर्सीकर, यूट्यूब बघून पंखा बसवा, पॅनलमध्ये हात घालू नका. मेन पाडलं तरी मेनच्या वरच्या बाजूला करंट असतोच, हे त्या व्हिडिओत पहिल्या मिनिटात सांगायला पाहिजे, सांगत नाहीत.

मुक्ता_नाशिक :
या सगळ्यात एक बाजू कुणी लिहिलीच नाही. मी आणि आई दोघीच राहतो. रात्री अकराला वॉचमनने दिलेल्या नंबरवरून अनोळखी माणूस घरात घ्यायचा का, हा माझा पहिला प्रश्न असतो, पैसे नंतर. म्हणून मी ठरलेल्या काकांनाच बोलवते, ते जास्त घेतात हे मला माहीत आहे, आणि मी देते. दिवाळीला फराळाचा डबा पण देते. काकांनी मला एकदा डीबीवर मार्करने लिहून दिलंय की कुठलं बटण कशाचं: हॉल, किचन, गिझर, एसी. त्याचा जो फायदा झाला तो कशानेच नाही. एकदा सगळं घर बंद पडलं, त्यांनी फोनवरून सांगितलं सगळी बटणं खाली करा, मग मेन वर, मग एकेक वर करत जा, जे वर केल्यावर पडेल ते तसंच खाली ठेवून झोपा. गिझरचं निघालं. सकाळी दहाला आले, एलिमेंट बदललं, रात्रीचा चार्ज लागलाच नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर बसतो, त्याने एलिमेंटची नळी जास्त तापून चिरली की पाण्यात करंट उतरतो म्हणे.

कोंकणी_मेवा :
मुक्ताताईंच्या काकांना दंडवत. धाग्याचं उत्तर हेच आहे खरं तर. रात्रीच्या बहुतेक कॉलना त्या रात्री येण्याची गरजच नसते. एक सर्किट बाजूला ठेवलं की बाकी घर चालतं.

आमच्या गुहागरच्या घरात पावसात हमखास ट्रिप होतं. एकदा डीबी उघडला तर आत पाल, दोन टर्मिनलच्या मध्ये आडवी, बिचारी वाळलेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला पालीचे पैसे वेगळे लागतील.

प्रा_कटकटे :
"गरजच नसते" हे जरा सरसकट झालं. माझ्या वडिलांना घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, ते विजेवर. तिथे सकाळपर्यंत थांबा म्हणून चालत नाही, तेव्हा मी दोन हजार सांगितले असते तरी दिले असते.

कोंकणी_मेवा :
सर, मान्य. अशा घरात तर इन्व्हर्टरच्या लाईनवर वेगळा पॉइंट आधीच काढून ठेवायला हवा. पण माझं म्हणणं एसी चालत नाही म्हणून रात्री बारा वाजता फोन करणाऱ्यांबद्दल होतं.

वायरमन_बाळू :
कोंकणी_मेवा बरोबर बोलले, माझा धंदा बुडवला तरी 😄 थांबायचं नाही ते असं: जळका वास किंवा डीबी गरम लागतोय, नळाला-भिंतीला-फ्रिजला झिणझिण्या येतात, बोर्डात पाणी शिरलंय, किंवा ते न्यूट्रलचं. यात मेन पाडून ठेवा आणि फोन करा. बाकीचं बहुतेक सकाळी.

आणि फोनवर एवढं सांगा म्हणजे तुमचे पण पैसे वाचतील: बिल्डिंगची गेली की फक्त तुमची, कुठलं बटण खाली आहे, पडलं तेव्हा काय चालू केलं होतं, लगेच पडतं की थोड्या वेळाने. लोक फोनवर फक्त "लाईट गेली लवकर या" म्हणतात. माणसाला डिकीत काय टाकून निघायचं ते कळलं पाहिजे ना. आणि रेट तिथेच विचारा, जो फोनवर रेट सांगायला तयार नाही त्याला बोलावू नका, कटकटे सरांचं तेवढं मला पण मान्य आहे.

आठवणीतला_फ्यूज :
आमच्या लहानपणी चिनीमातीचा कटआऊट असायचा, फ्यूज उडाला की शेजारचे काका स्टुलावर चढून तार घालायचे आणि शेजारची चार पोरं खाली मेणबत्ती धरून. व्हिजिट चार्ज म्हणजे पोह्याची बशी. मात्र काका सारखं उडतंय म्हणून इतकी जाड तार घालायचे की पुढे फ्यूज उडायचाच बंद झाला आणि एकदा भिंतीतली वायरच जळाली.

रोहिणी_हडपसर :
आठवणीतला_फ्यूज, ते काका आजही आहेत, फक्त आता पैसे घेतात! आमच्याकडे आरसीसीबी सारखा पडत होता म्हणून ओळखीतून कुणाला तरी बोलावलं. त्याने दहा मिनिटांत "दुरुस्त" केलं, ४०० रुपये. आम्ही खूश, स्वस्तात झालं. पुढे किचनचं काम काढलं तेव्हा दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने डीबी उघडून दाखवलं, आरसीसीबीच्या वरच्या वायरी थेट खालच्या वायरींना जोडल्या होत्या. डबा नुसता शोभेला. आणि लीकेज (करंटची गळती) होतं ते तसंच, वॉशिंग मशीनच्या पॉइंटमध्ये. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे आमच्या. तेव्हापासून मला १८५० जास्त वाटत नाहीत, ४०० ची भीती वाटते.

मंजिरी_क :
बापरे. हे बाहेरून कळतं कसं? आमच्याकडे पण मागे असाच "दुरुस्त" केलाय एकाने.

वायरमन_बाळू :
मंजिरीताई, आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, दाबलं की ट्रिप व्हायलाच हवं आणि घरातली लाईट जायलाच हवी. बटण दाबून ट्रिप झालं नाही, किंवा खटका पडला तरी दिवे चालूच, तर तो बायपास आहे नाहीतर बिघडलाय. महिन्यातून एकदा दाबून बघा. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की तो तोडतो. माणसाला शॉक लागताना तोच वाचवतो, एमसीबी नाही. त्यामुळे तो सारखा पडतोय याचा अर्थ तो त्याचं काम करतोय, लीकेज शोधायला हवं. शोधायला वेळ लागतो, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावावा लागतो, एकेक पॉइंट सोडवावा लागतो, त्याचेच पैसे असतात. ते द्यायला लोक तयार नसतात म्हणून असले बायपासवाले पोट भरतात.

मंजिरी_क :
आत्ता दाबून आले. गेली लाईट. नवरा मॅच बघत होता, तो धाग्यावर येऊन भांडेल.

मंजिरीचा_नवरा :
शेवटची ओव्हर होती.

भजीपाव :
🤣🤣 याचे व्हिजिट चार्ज कोण देणार

म्हापशेकर :
गोव्यात वीज सरकारी खात्याची, मीटरपर्यंतचं ते बघतात. आतल्या कामाला प्रायव्हेट माणूस. पण पावसाळ्यात आणि चतुर्थीच्या दिवसांत वायरमन मिळणंच मुश्कील, पैसे देतो म्हटलं तरी "फाल्यां" (उद्या) म्हणतो. आमच्या वाड्यावर चार घरांनी मिळून एकाला धरलाय, वर्षाला ठरावीक रक्कम, दोनदा येऊन सगळे स्क्रू आवळून जातो, आणि मध्ये बोलावलं तर फक्त सामानाचे पैसे. परवडतं.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
हे आम्ही पण केलंय सोसायटीत. फक्त करारात रात्रीचं लिहून घ्या. आमच्यावाल्याने पहिल्याच महिन्यात "करार सकाळी नऊ ते सहाचा" म्हणून सांगितलं.

सिंहगडरोडी :
सगळ्यांचे आभार. बायकोला धागा वाचायला दिला, ती म्हणते ७०० व्हिजिट आणि ६५० पार्ट ठीक आहे पण वीस मिनिटांची मजुरी ५०० अजूनही जास्तच, वायर कापून स्क्रू आवळला एवढंच तर केलं. बाळूभाऊ तुम्ही किती घेतली असती?

वायरमन_बाळू :
साडेतीनशे. पण वहिनींना सांगू नका, माझा पण पाचशे करायचा विचार चाललाय.

नवीन_आयडी_७७ :
पूर्ण धागा वाचला नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये चांगला इलेक्ट्रिशियन सुचवा, अर्जंट, हॉलमधली लाईट लुकलुकतेय.

ऍडमिन_सहायक :
फोन नंबर उघड्यावर टाकू नयेत, निरोपातून पाठवा. नवीन_आयडी, बिल्डिंगची लुकलुकतेय की फक्त तुमची?